इंद्रियांची साक्ष

कान आणि डोळे यांच्यात चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. कानांनी ऐकलेली गोष्ट खोटी असू शकते; डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर मात्र विश्वास ठेवावा, हा त्या म्हणण्याचा भावार्थ. गावात एखादी आवई उठली, तर ती ऐकून धावत सुटू नये, स्वतः जाऊन पाहून यावे, हे शहाणपण त्या चार बोटांत साठवलेले आहे. परंतु डोळेही फसू शकतात, हे पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. महाभारतातील मयसभेत स्फटिकाची जमीन पाहून दुर्योधनाला ते पाणी वाटले आणि त्याने आपली वस्त्रे सावरून धरली. पुढे खरोखरीचे पाणी लागले, तेव्हा ती जमीन समजून तो त्यात पडला. पाहणारे हसले, पण दुर्योधनाच्या डोळ्यांच्या जागी त्यांचे डोळे असते, तर तेही तसेच फसले असते.

आजच्या काळातील मयसभा एका लहानशा पेटीत मावते. ही पेटी चष्म्याप्रमाणे डोळ्यांवर चढवावयाची, कानांवर तिचे ध्वनियंत्र बसवावयाचे आणि हातांत दोन लहान दांडे धरावयाचे. या साधनाला हेडसेट म्हणतात आणि त्यातून जे जग दिसते त्याला ‘आभासी वास्तव’ किंवा ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ असे नाव आहे. हेडसेट चढवलेला एखादा मनुष्य सतरंजी अंथरलेल्या खोलीच्या मध्यभागी उभा असतो. पण त्याच्या डोळ्यांसमोर मात्र एक खोल दरी असते आणि तिच्यावर एक अरुंद फळी टाकलेली असते. त्या फळीवर पाऊल टाकताना त्याचे गुडघे थरथरतात, तळहातांना घाम फुटतो. आपण खोलीतच आहोत, हे त्याच्या बुद्धीला पक्के ठाऊक असते. परंतु त्याचे पाय बुद्धीचे ऐकत नाहीत. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या इंद्रियांच्या रचनेत दडलेले आहे.

प्रथम दृष्टीचा विचार करावा. माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरच्या वस्तूचे थोडे निराळे चित्र दिसते. हाताचा अंगठा नाकासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, की अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. ही दोन चित्रे जुळवून मेंदू वस्तू किती जवळ व किती दूर आहे, हे ठरवतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे तत्त्व एका उपकरणाने सिद्ध करून दाखवले. एकाच वस्तूची, दोन डोळ्यांना दिसतील तशी दोन रेखाचित्रे काढून ती आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्याला स्वतंत्रपणे दाखवताच कागदावरची सपाट आकृती घन होऊन उभी राहिली. छायाचित्रणाची कला अद्याप लोकांपुढे आलेली नव्हती, त्या वेळची ही गोष्ट आहे. आजच्या हेडसेटमध्येही प्रत्येक डोळ्यासमोर भिंग असते आणि भिंगामागील पडद्यावर त्या त्या डोळ्याचे चित्र उमटते. मूळ युक्ती तीच आहे.

तथापि केवळ एवढ्याने माणूस फसत नाही. चित्रातील झाड कितीही खरे दिसले, तरी मान वळवताच चित्राची चौकट संपते आणि भ्रम मोडतो. अमेरिकेतील संशोधक आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली या उणिवेवर उपाय काढला. त्यांच्या यंत्रात डोके कोठे वळले हे मोजणारा एक यांत्रिक दांडा छताला टांगलेला होता आणि मान वळेल तसे गणकयंत्र चित्र बदलत असे. त्या चित्रात काही रेषांनी काढलेल्या आकृत्यांपलीकडे काही नव्हते. परंतु त्या आकृती हवेत एका जागी स्थिर असल्यासारख्या वाटत आणि पाहणारा त्यांच्या भोवती फिरून पाहू शकत असे. छताला टांगलेल्या त्या अवजड दांड्याचे काम आज नखाएवढे संवेदक आणि लहान कॅमेरे करतात. पुष्कळशा यंत्रांत सेकंदाला नव्वद चित्रे पालटतात. मान वळणे आणि चित्र बदलणे यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून फारसा अधिक विलंब होऊ नये, अशी यंत्रे घडवणाऱ्यांची खटपट असते.

एवढ्याशा विलंबाने काय बिघडते, असे कोणास वाटेल. परंतु डोळ्यांखेरीज आणखी एक साक्षीदार माणसाच्या डोक्यात बसलेला आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले, की तो द्रव हलतो आणि मेंदूला हालचालीची वार्ता देतो. डोळे म्हणतात, ‘आपण धावत आहोत’, आणि कानातील नलिका म्हणतात, ‘आपण स्तब्ध उभे आहोत’. अशा वेळी दोन साक्षीदारांचे भांडण लागते आणि त्याचा परिणाम पोटाला भोगावा लागतो. घाटातून जाणाऱ्या एस. टी. गाडीत पुस्तक वाचणाऱ्या मुलाला मळमळते, त्याचे कारणही हेच आहे. फरक एवढाच, की तेथे शरीर हलत असते आणि डोळे स्थिर अक्षरांवर खिळलेले असतात.

आता श्रवणाकडे वळावे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. उजवीकडे कोणी टाळी वाजवली, तर तिचा आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला नंतर पोहोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तरीही मेंदू ते अचूक ओळखतो. शिवाय डोके मध्ये आडवे येत असल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. बाहेरच्या कानाच्या पाळीला ज्या वळ्या आणि खाचा असतात, त्याही निरुपयोगी नाहीत. वरून येणारा आवाज आणि खालून येणारा आवाज त्या वळ्यांवर निरनिराळ्या रीतीने आपटतो, आणि त्यातील सूक्ष्म फरकावरून आवाज वर झाडावर झाला की खाली पायाशी, हे कळते. गणकयंत्र हाच सारा हिशेब करून प्रत्येक कानात वेगळा आवाज सोडते. म्हणून आभासी रानातील कोकिळा डाव्या हाताच्या झाडावर बसलेली असेल, तर माणूस तिच्याकडे तोंड करून उभा राहताच तिचा आवाज समोरून येऊ लागतो. माणूस वळतो, पण कोकिळा आपल्या झाडावरच राहते.

डोळे फसले, कानही फसले. स्पर्श मात्र इतक्या सहजी वश होत नाही. दृष्टीला दोन डोळे आहेत, श्रवणाला दोन कान आहेत. पण त्वचा सर्वांगावर पसरलेली आहे. तिच्यात दाब ओळखणाऱ्या, कंप ओळखणाऱ्या, ताण ओळखणाऱ्या आणि उष्ण, थंड व वेदना यांची वार्ता देणाऱ्या निरनिराळ्या मज्जातंतूंची टोके आहेत. त्या सर्वांना एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात खोटी वार्ता देणे फार अवघड आहे. हातातील दांड्यात एक लहानसे कंपनयंत्र बसवले, तर आभासी चेंडूवर बॅट आपटताच हाताला झणझणाट जाणवतो. बोटांना मागे खेचणारे हातमोजे करता येतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९९० नंतरच्या काही वर्षांत असे एक यंत्र तयार झाले, की त्याच्या लेखणीसारख्या टोकाने पडद्यावरील वस्तूला स्पर्श करताच यंत्रातील मोटारी हाताला विरोध करीत आणि ती वस्तू कठीण आहे की मऊ, हे हाताला कळे.

स्पर्शाला फसवण्याच्या कामी डोळ्यांचेही साह्य घेता येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला आणि त्याच्या समोर रबराचा हात मांडला. दोन्ही हातांवरून एकाच वेळी कुंचला फिरवला, तेव्हा थोड्या वेळाने पुष्कळांना रबराचा हातच आपला वाटू लागला. डोळ्यांनी साक्ष दिली आणि त्वचेने ती मान्य केली. तरीसुद्धा या युक्त्यांना एक मर्यादा आहे. आभासी टेबलावर हात टेकून विसावू पाहणारा माणूस तोंडघशी पडतो. टेबल दिसते, त्यावर पेला ठेवल्याचा आवाज ऐकू येतो, बोटांना बारीकसा कंपही जाणवतो. पण अंगाचा भार टेबल घेत नाही. माणसाला आधार देण्यासाठी जगाला खरेच असावे लागते.

येथपर्यंतची हकीकत यंत्राची झाली. या यंत्राचे मोल काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कित्येक जण त्याला निव्वळ भुलभुलैया समजून झिडकारतात. कित्येकांना वाटते, की आता प्रवास, प्रयोगशाळा, मैदाने यांची गरजच उरणार नाही. दोन्ही मते उतावळी आहेत.

यंत्राला झिडकारणाऱ्यांनी एडविन लिंक यांच्या उद्योगाकडे पाहावे. वाद्ये बनवणाऱ्या कारखान्यात वाढलेल्या या अमेरिकन गृहस्थांनी १९२९ साली ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारे एक लहानसे खोटे विमान तयार केले. आरंभी त्याचा उपयोग जत्रेतील पाळण्यासारखा, करमणुकीपुरताच झाला. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्यदलावर टपालाची विमाने चालवण्याचे काम आले. वादळात आणि धुक्यात केवळ उपकरणांकडे पाहून विमान कसे चालवावे, याचा पुरेसा सराव नसल्यामुळे थोड्याच दिवसांत कित्येक वैमानिक प्राणाला मुकले. तेव्हा सैन्यदलाने लिंक यांची सहा खोटी विमाने विकत घेतली. खोट्या धुक्यात चुकलेला वैमानिक हसत बाहेर येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. खऱ्या धुक्यात चुकलेल्याला दुसरी संधी नसते.

वैद्यकातील अनुभवही असाच आहे. २००२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या सोळा डॉक्टरांपैकी निम्म्यांनी आधी आभासी यंत्रावर सराव केला होता. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत त्यांचे काम इतरांपेक्षा २९ टक्के लवकर झाले आणि त्यांच्या हातून चुकाही पुष्कळच कमी झाल्या. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ पासून भाजलेल्या रुग्णांच्या वेदनांवर या साधनाचा उपयोग करून पाहिला. जखमेवरची पट्टी बदलताना रुग्णाला असह्य यातना होतात. पुढे या रुग्णांसाठी एक हिमाचे जग तयार करण्यात आले. त्यात रुग्ण बर्फाचे गोळे फेकण्यात गुंतलेला असताना जखम धुतली, तर त्याला वेदना कमी जाणवतात, असे दिसून आले. जखम तीच असते. पण मनाचे लक्ष तिच्यावरून हललेले असते. अशा यंत्राला केवळ भुलभुलैया म्हणणे अन्यायाचे होईल.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वैमानिक खोट्या विमानातून उतरून खऱ्या विमानात बसतो. डॉक्टर यंत्रावरून उठून खऱ्या रुग्णाकडे जातो. रुग्ण हिमाच्या जगातून परत येऊन बरा होऊ लागतो. आभास हा त्यांचा मुक्काम नसून वाटेवरची धर्मशाळा आहे. तेथून निघताना माणूस खऱ्या जगाला तोंड देण्यास अधिक समर्थ झाला, तर ते साधन चांगले. आणि खरे जग नकोसे वाटून तो तेथेच रेंगाळू लागला, तर तेच साधन घातक, असे म्हणावे लागते.

शाळांच्या बाबतीत तर हा विचार विशेष काळजीने केला पाहिजे. पुष्कळ शाळांत चांगली प्रयोगशाळा नसते, खेड्यातील मुलांना मोठी संग्रहालये पाहावयास मिळत नाहीत. मग हेडसेट घेऊन ही उणीव एकदम भरून का काढू नये, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, हे कोणत्याही मुलाला आत शिरून पाहता येणार नाही. समुद्राच्या तळाशी किंवा चंद्राच्या पृष्ठभागावर शाळेची सहल जाऊ शकत नाही. जेथे पाय पोहोचत नाहीत, तेथे डोळ्यांना नेणारे साधन मुलांच्या हाती अवश्य द्यावे. गरीब गावातील मुलाला ते आधी मिळावे.

परंतु जी गोष्ट अंगणात करता येते, तिच्यासाठी यंत्राकडे धाव घेण्यात लाभ नाही. मातीत पेरलेला हरभऱ्याचा दाणा कधी उगवतो, कधी कुजतो, कधी त्याला मुंग्या लागतात. तो का कुजला, याचा शोध घेताना मुलाला पाण्याचा निचरा समजतो, मातीचा गुण समजतो आणि धीर धरण्याचीही सवय लागते. आभासी कुंडीतील दाणा निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी उगवतो. आणि कधी कुजलाच, तर तोही निर्मात्याच्याच आज्ञेने. आभासी जगात कोणीतरी आधी ठेवलेलीच वस्तू सापडते. निसर्गात मात्र कोणीही न ठेवलेली, कोणालाही न सुचलेली गोष्ट सापडू शकते. यास्तव प्रयोगशाळेसाठी जमवलेला पैसा हेडसेटवर खर्चून मुलांच्या हातून परीक्षानळी, चुंबक आणि कुदळ काढून घेणारी शाळा नवी दिसेल, पण ती अधिक चांगली होणार नाही.

आणखी दोन गोष्टी मुलांना ठाऊक असाव्यात. एक म्हणजे, या खेळात केवळ मुलेच पाहत नाहीत. यंत्रही त्यांच्याकडे पाहत असते. मान कोठे वळली, हात कसा हलला आणि कित्येक यंत्रांत तर डोळे कशावर किती वेळ खिळले, याचीही मोजणी होते. त्यावाचून यंत्राचे काम चालत नाही, हे खरे. पण ती मोजणी पुढे कोणाकडे जाते आणि कशासाठी वापरली जाते, हे विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्याला असला पाहिजे. दुसरी गोष्ट डोळ्यांची. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यांतील भिंगही त्याच अंतराला जुळते. सामान्य हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली असे दिसले, तरी भिंगाला एका ठरावीक अंतरावरच राहावे लागते. या ओढाताणीने डोळे शिणतात. मेटा या कंपनीच्या हेडसेटसाठी पूर्वी तेरा वर्षांची किमान वयोमर्यादा होती. २०२३ साली पालकांच्या देखरेखीची अट घालून ती दहा वर्षांवर आणण्यात आली. मर्यादा खाली आली म्हणून दहा वर्षांच्या मुलाचे डोळे काही अधिक बळकट झाले नाहीत. विक्रेत्याचा नियम आणि वैद्याचा सल्ला या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

इंद्रिये फसतात म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ती प्रामाणिक साक्षीदार आहेत. समोर जे आले तेवढेच ती सांगतात. त्या साक्षीवरून निवाडा करण्याचे काम मनाचे आहे. न्यायाधीश जसा एका साक्षीवर निकाल देत नाही, दुसरा साक्षीदार बोलावतो आणि दोघांची उलटतपासणी करतो, तसे मनाने करावे. आभासी वास्तवाच्या यंत्राने माणसाला एक मोठा धडा दिला आहे : जे दिसते आणि ऐकू येते, ते कोणीतरी तयार केलेले असू शकते. हा धडा हेडसेट उतरवल्यावरही उपयोगी पडतो. हातातील लहान पडद्यावर येणारी चित्रे आणि भाषणेही आज हुबेहूब बनवता येतात. कान आणि डोळे यांच्यातील चार बोटांचे अंतर यंत्राने पुसून टाकले आहे. त्यामुळे जाऊन पाहणे एवढेच आता पुरेसे नाही. शक्य असेल तेथे वस्तू हातात घ्यावी, तिचा भार तोलावा, तिच्याशी काम करून पाहावे आणि ज्यांनी ती जवळून जाणली आहे त्यांना विचारावे.

मयसभा बांधणाऱ्याचे कौशल्य थोर होते, यात शंका नाही, आणि तिचा आनंद घेण्यातही काही वावगे नाही. मात्र जेथे धान्य पिकते, विहिरीला पाणी लागते आणि पडलेल्याला कोणीतरी हात देऊन उठवते, ते घर त्या सभेच्या बाहेर आहे. आभासी जगात जावे, तेथील नवल पाहावे, शिकण्यासारखे असेल ते शिकावे. आणि वेळ होताच यंत्र खाली ठेवून, शिकलेले घेऊन, या खऱ्या जगाच्या कामाला लागावे.